खोकल्याची बाटली आणि बीपीची गोळी

ती. काकांस,


सोयाबीन काढताना धुरळ्यानं खोकला धरलाय आणि तुम्ही पोराला मेडिकलमध्ये धाडून बाटल्या आणवता, असं काकू फोनवर म्हणाली. मी दिवसभर औषधांच्या काउंटरमागंच उभी असते, म्हणून सांगते. पोराला पाठवायचंच तर तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात द्या. खोकल्याचं औषध ते पाकीट बघूनच द्यायचं असतं.

बाटलीमागच्या बारीक अक्षरांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल, तर ती तुमच्या कामाची नाही. चोंदलेलं नाक मोकळं करायला ही औषधं रक्तवाहिन्या आवळतात. पण ती काही नाकापुरती थांबत नाहीत, त्यामुळे बीपी चढतं. याच कुळातलं फेनिलप्रोपॅनोलामीन पूर्वी सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्यावर अमेरिकेनं २००० साली कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं. आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडलं. आता फेनिलेफ्रिन सगळीकडे दिसतं, आणि तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिननं नाकसुद्धा मोकळं होत नाही, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये सांगितलं!

कोरड्या खोकल्याला नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ सुटत नसेल तर नुसतं ग्वायफेनेसिन, हे बीपीवाल्यांना सहसा चालतं. पण एकाच बाटलीत तीन-चार औषधं कालवलेली असतात, म्हणून नाव न मागता आतलं औषध विचारा.

काकू ज्येष्ठमध चघळायला देते. एखादे वेळी ठीक, रोज नको. त्यातल्या ग्लिसिरायझिननं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं. त्यापेक्षा वाफ घ्या, कोमट पाणी प्या. शुगर नसेल तर चमचाभर मधही चालेल.

आणखी एक बघा. गोळीचं नाव एनालाप्रिल, रामिप्रिल असं ‘प्रिल’वर संपतं का? त्या गोळीनंच काहींना कोरडा ठसका लागतो. मग बाटल्या रिचवून उपयोग नाही. पण गोळी मनानं बंद करू नका. मेहकरला डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्या. दम लागला किंवा रक्त पडलं, तर एक दिवसही थांबू नका.

आज पोराकडून पाकिटाचा आणि घरात असलेल्या बाटलीचा फोटो पाठवा. तोवर तिचं झाकण उघडू नका.

तुमची पुतणी