आठवा बोल्ट

मारुती ८०० च्या हेडला बोल्ट असतात आठ. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मध्ये एक पातळ पॅकिंग आणि हे सगळं घट्ट धरून ठेवणारे हे आठ जण. इंजिन बांधायला काढलं की पिस्टनची चर्चा होते, रिंगांची होते, बेअरिंगच्या किमतीवरून घासाघीस होते. बोल्टांकडे कोणी बघत नाही. पेट्रोलमध्ये बुडवले, तारेचा ब्रश मारला, लावले परत.

आमची गाडी आंबा घाटात उकळली. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना खालचा होज फाटला आणि काटा वर गेलेला दिसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर सकाळी सुरू करताना पांढरा धूर, पाणी रोज कमी आणि डिपस्टिकवर दुधाळ तेल. निदानाला मिस्त्रींची गरज नव्हती. पण इंजिन ८० हजार किलोमीटरच्या पुढे गेलेलं, तेलही पीत होतं, म्हणून नुसतं हेड न काढता पूर्णच बांधायचं ठरवलं. मी तंत्रनिकेतनात पदार्थांची ताकद हा विषय शिकवते. बोल्टावरची गणितं फळ्यावर इतकी सोडवली आहेत, की हेडचं काम स्वतःच्या हाताने करायची इच्छा होती. आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "करा की मॅडम. मी हायच हितं."

हेड थंड असताना, बाहेरच्या बोल्टांपासून आत येत, थोडं थोडं सैल करत काढायचं. एकच बोल्ट एकदम सोडला तर उरलेल्यांच्या ओढीने हेड वाकतं. काढलेले बोल्ट मी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच जागांवर खोचून ठेवले. कोणता कुठला हे कळावं, एवढाच हेतू होता. पण सगळे रांगेत उभे राहिल्यावर मजा दिसली. सात भाऊ सारखे आणि आठवा उपरा. सातांच्या डोक्यांवर एकच खूण, आठव्याच्या डोक्यावर ठसठशीत ८.८. सातांची मान गुळगुळीत आणि आटे फक्त खालच्या भागात, आठव्याला जवळजवळ डोक्यापर्यंत आटे. व्हर्नियर लावला तर तो इतरांपेक्षा लांबही भरला आणि त्याचं टोक चेपून चकचकीत झालं होतं.

आधी कधीतरी कोणी हेड उघडलेलं होतं, एक बोल्ट पिळला असेल किंवा हरवला असेल, आणि दुकानातून जाडीला जुळणारा दुसरा आणून लावला होता. आटे बसले म्हणजे बोल्ट बसला, असा हिशेब. आमच्या ब्लॉकातल्या भोकांना तळ होता. लांब बोल्ट आत जात जात तळाला टेकला, पुढे जायला जागा नाही, पान्याला जोर लागला आणि लावणाऱ्याला वाटलं, आवळला. हेडवर मात्र त्याचं डोकं नीट दाबलंच नव्हतं. पॅकिंग जळालं होतं ते बरोबर त्याच बोल्टाच्या शेजारी, दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीत. होज फाटला हे खरं, पण ती जागा आधीपासून कच्ची होती असं माझं मत झालं. मामांनी बोल्ट हातात घेऊन फिरवला आणि ज्याने कोणी तो लावला त्याच्याबद्दल जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या ८.८ चा अर्थ सोपा आहे. पहिला आकडा शंभरने गुणला की पोलादाची तुटण्याची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो, त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबतो. इथे आठ दशांश, म्हणजे ६४०. १०.९ मध्ये हेच आकडे १००० आणि ९००. गाडीच्या कंपन्या हे आकडे लिहितीलच असं नाही, कधी आपली खूण ठोकतात. पण या हेडसाठी पुस्तकात साडेपाच ते सहा किलोग्रॅम-मीटरचा टॉर्क दिला आहे, आणि १० मिलिमीटर जाडीच्या ८.८ बोल्टासाठी नेहमीच्या तक्त्यात पाचच्या आसपासचा आकडा असतो. म्हणजे हा आठवा तळाला टेकला नसता, तरी या कामाचा नव्हता.

"मग १२.९ चा घ्या की, लई मजबूत असतोय," मामा म्हणाले. वर्गातही हा प्रश्न येतो. ८.८ असो की १२.९, पोलादाचा ताठपणा जवळजवळ तोच असतो. सारख्याच टॉर्कने आवळले तर दोघं सारखेच ताणले जातात आणि हेडला सारखेच दाबतात. वरची ताकद नुसती पडून राहते. ती वापरायला जास्त आवळलं, तर ब्लॉकातले आटे आणि बोल्टाखालचं मऊ ॲल्युमिनियम सोसणार नाही. शिवाय इतकं कडक पोलाद गंजाला आणि भेगेला लवकर बळी पडतं. जेवढी ताकद नेमून दिली आहे तेवढीच घ्यावी.

दुकानात एकेरी बोल्ट कागदात बांधून मिळत होता. "सगळ्याला बसतो," हे वाक्य मी त्या दिवशी पुन्हा ऐकलं. मी आठांचा संच घेतला. मामांच्या मते एकच बदलला असता तरी चाललं असतं. सात जुने सरळ होते, हाताने त्यांच्यावर नट शेवटपर्यंत फिरत होता, कुठे बारीक झाल्याची खूण नव्हती. नियमाने ते वापरता आले असते, कारण हे बोल्ट नुसत्या टॉर्कवर आवळायचे आहेत. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत आधी टॉर्क देऊन मग ९० अंश, आणखी ९० अंश असा कोनाने पीळ देतात. ते बोल्ट मुद्दाम कायमच्या ताणापर्यंत नेलेले असतात आणि एकदा काढले की बहुतेक कंपन्या ते फेकायला सांगतात. आमचे तसले नव्हते. तरी मी आठही बदलले, कारण जुन्या सातांना त्या उपऱ्याच्या वाटणीची ओढ किती काळ सोसावी लागली, हे त्यांच्याकडे बघून कळणार नव्हतं. सगळ्या खर्चात बोल्टांचा वाटा किरकोळ होता, आणि हेड परत उघडायचं म्हणजे पॅकिंग, तेल, कूलंट आणि मजुरी पुन्हा मोजायची.

हेड शिवाजी उद्यमनगरात नेलं. शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेला हा भाग, अजूनही तिथे एका गल्लीत बोअरिंग, दुसऱ्या गल्लीत फेसिंग होतं. सरळपट्टी ठेवून फीलर गेज घातलं तर मध्ये ०.१२ मिलिमीटरची पाती सहज गेली. मुभा ०.०५ ची. फेसिंग करून आणलं.

भोकं साफ करणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. नवा टॅप घालू नये, तो धातू खातो. एका जुन्या बोल्टाच्या आट्यांत करवतीने उभ्या खाचा पाडल्या आणि तोच रॉकेल लावून हाताने आतबाहेर फिरवला. मग डोळ्यांना चष्मा लावून हवा मारली. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर ते दाबलं जात नाही. बोल्ट खाली येताना ब्लॉकलाच भेग पाडू शकतं. शेवटी तारेने भोकाची खोली मोजली आणि नव्या बोल्टाची लांबी त्याच्याशी ताडून पाहिली. पॅकिंगसकट हेडची जाडी धरूनही खाली जागा उरते आहे, हे पाहिल्यावरच जिवात जीव आला.

आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन तेलाचा हात फिरवायचा की नाही, यावर आमचा वाद झाला. मामांचा आग्रह कोरड्याचा. पुस्तकात तेल लावायला सांगितलं असेल तर लावावंच, कारण दिलेला आकडा त्या तेलासकट असतो. आपण पान्याला लावलेल्या जोरातला निम्मा वाटा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसएक टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात दहाएक टक्के. १० मिलिमीटरच्या बोल्टाला सहा किलो-मीटर टॉर्क कोरडा दिला तर तो साधारण तीन टनांनी ओढतो, तेल लावून दिला तर चारच्या आसपास. पाना दोन्ही वेळी त्याच जागी टक करतो. एक टनाचा फरक त्याला दिसत नाही, आणि हातालाही दिसत नाही. दर स्फोटाला एकेका सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारा जोर दीड ते पावणेदोन टन असतो, तोही ४००० फेऱ्यांना मिनिटात दोन हजार वेळा. आठ बोल्टांची ओढ त्याहून पुष्कळ जास्त आणि सगळीकडे सारखी असेल, तरच पॅकिंगला त्याची खबर लागत नाही.

मामांकडे टॉर्क पाना होता. फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. "वापरायला वेळ कुठाय मॅडम, हाताला कळतंय." त्यांच्या हाताला कळतं यात मला शंका नाही. पण पाना खरं बोलतो का, हे आधी पाहायचं होतं. तो शिकंज्यात आडवा धरला आणि चौकटीपासून ४० सेंटिमीटरवर, मुठीच्या मध्यावर, शेजारच्या किराणा दुकानातून आणलेली वजनं टांगली. १५ किलो गुणिले ०.४ मीटर, बरोबर सहा किलो-मीटर. सहावर लावलेला पाना १५ किलोला गप्प राहिला, अर्धा किलो वाढवल्यावर टक वाजला. असल्या पान्यांना चार टक्क्यांची मुभा असते, तेवढ्यात बसला. दुकानदार सगळा प्रकार बघायला आला होता. वजनं परत घेताना त्याने ती पुसून घेतली.

आवळताना मधल्या जोडीपासून सुरुवात आणि समोरासमोर करत बाहेर. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांच्या मते हे वादी ओढण्यासारखंच, एका अंगाची ओढली की दुसरं अंग खोटं बोलतं. पहिला फेरा दोन किलो-मीटर, दुसरा चार, तिसरा ५.८. शेवटची ओढ सावकाश आणि एका दमात. अर्ध्यावर थांबून पुन्हा जोर लावला, तर अडकलेलं घर्षण सोडवण्यातच पाना टक करतो आणि बोल्ट पुढे सरकलेलाच नसतो. तसं झालं तर थोडा सैल करून पुन्हा एका ओढीत न्यायचा.

दुसऱ्या फेऱ्यानंतर मी प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली होती. तिसऱ्या फेऱ्यात रेघा किती वळतात ते बघायचं होतं. सात रेघा साधारण सारख्या वळल्या. कोपऱ्यातली एक मात्र जेमतेम सरकली आणि पाना वाजला. पान्याच्या मते सगळं ठीक होतं. बोल्ट काढला तर वायसरच्या खाली पॅकिंगच्या कडेचा बारीक कण चिकटलेला सापडला. पुसला, तेल लावलं, तीन फेऱ्यांत परत आणला, आणि शेजाऱ्यांनाही पुन्हा एकदा तपासलं. या वेळी रेघ बाकीच्यांबरोबर आली. मामा वाकून बघत होते. "हे रेघेचं बरं हाय," म्हणाले आणि रंगाची डबी आपल्या टेबलावर ठेवून दिली. मी मागितली नाही.

गाडी गरम झाल्यावर परत आवळायचं का, हा शेवटचा प्रश्न. जुन्या तांब्या-ॲस्बेस्टॉसच्या पॅकिंगला ते लागत असे, कारण ते दबून बसतं. नव्या पॅकिंगच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं आणि तेवढंच करावं. गरम इंजिनावर मात्र कधी पाना लावू नये. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे हेड तापलं की बोल्ट आपोआपच जास्त ताणलेले असतात.

गाडी गॅरेजला देणार असाल तर दोन गोष्टी करा. हेड उघडल्यावर काढलेले सगळे बोल्ट तुमच्यासमोर उभे करायला सांगा आणि त्यांची डोकी व लांबी जुळतात का ते बघा. आणि हेड बसवायच्या वेळी तिथे हजर राहा, पाना कपाटातून खाली येतो की नाही ते बघायला.