कसारा घाटाआधी ऐकलेला आवाज

2013 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकरोडला ताईच्या मुलीचे लग्न होते. कल्याणहून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. गाडी जुनी मारुती 800, दुसऱ्याने वापरलेली, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. मागे आई, सौ. आणि दोन मुले. पुढे माझ्याशेजारी बाबा. डिकीत आहेराची भांडी. थोडक्यात, चार माणसांच्या गाडीत सहा माणसे आणि एक संसार.

गाडी सुरू करतानाच 'चीं' असा आवाज आला होता. मी दुर्लक्ष केले. शहापूर मागे पडले, लहान लहान चढ लागले, तसा तो आवाज वाढला. मुलांनी घाबरू नये म्हणून मी टेप मोठा केला. बाबांनी हात पुढे करून तो बंदच केला. कल्याणच्या लोको शेडमध्ये त्यांची फिटर म्हणून सारी नोकरी गेली. इंजिनाच्या कुरकुरीवर गाण्याचे पांघरूण घालणारा माणूस त्यांना खपणार कसा?

"आवाज कसा आहे ते नंतर. केव्हा येतो ते आधी बघ," ते म्हणाले.

खर्डीच्या अलीकडे एका धाब्यापाशी गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवले. उभ्या गाडीतही आवाज येत होता आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत होता. म्हणजे दोष चाकात किंवा ब्रेकमध्ये नाही, इंजिनाच्या बाजूला आहे. मग बाबांनी हेडलाइट लावायला सांगितले. दिवे लागताच 'चीं' आणखी मोठे झाले. "दिव्यांचा भार अल्टरनेटरवर पडतो आणि त्याला फिरवणारा पट्टा घसरतो," बाबा म्हणाले.

धाब्याला लागूनच गॅरेज होते. मिस्त्री पंचविशीचा पोरगा. त्याने बॉनेट उघडले आणि बाटलीतले थोडे पाणी लांबूनच फिरत्या पट्ट्यावर उडवले. आवाज क्षणभर गेला, पुन्हा आला. सौ. वाकून बघत होती, तिला बाबांनी मागे ओढले. फिरत्या पट्ट्याजवळ पदर, ओढणी किंवा सैल बाही कधीही नेऊ नये. इंजिन बंद करून मिस्त्रीने पट्टा अंगठ्याने दाबला. साधारण अर्धा इंच दबावा, हा चांगला इंचभर गेला. उलटा करून पाहिला तर आतून भेगा पडलेल्या. या गाडीचा पंखा वेगळ्या विजेच्या मोटरवर फिरतो, तरी सगळे मिस्त्री याला फॅन बेल्टच म्हणतात. याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. भर घाटात तो तुटला असता तर पाणी फिरायचे थांबले असते, इंजिन उकळले असते आणि हेड गॅस्केट गेले असते. ऐन लग्नाच्या महिन्यात तो खर्च मी कुठून भरला असता?

नवा पट्टा बसला, 'चीं' गेले. आणि त्याच्याआड लपलेली बारीक 'टिक-टिक' ऐकू येऊ लागली! मिस्त्रीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. मग काही न बोलता तो बाबांच्या हातात दिला. बाबांनी ऐकले आणि निवृत्त झाल्यावर प्रथमच त्यांना इतके खूष झालेले पाहिले. "टॅपेट," दोघे एकदमच म्हणाले. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. ही चूक सर्वस्वी माझी. ऑइल भरल्यावर टिकटिक बरीच बसली. परत आल्यावर टॅपेट सेट करून घ्या, असे मिस्त्रीने बजावले.

"वरून टिकटिक आली तर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येते," तो म्हणाला. "पण खालून जड ठक-ठक आली, जोर लावला की वाढली, तर बेअरिंग समजा. तिथेच इंजिन बंद करा, गाडी ओढून आणा."

त्या पोराने मजुरी सांगितली त्यापेक्षा बाबांनी वीस रुपये जास्त दिले. ही गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी प्रथमच पाहत होतो.

कसारा घाट लागला. तिसऱ्या गिअरमध्ये रेटत होतो, तर डब्यात खडे हलवावेत तसा खडखडाट झाला. मी पुन्हा दचकलो. "काही झालेले नाही, दुसरा टाक," बाबा म्हणाले. "या चढावर आगगाडीलासुद्धा कसाऱ्याहून मागे जादा इंजिने लावतात. सदतीस फुटांना एक फूट चढ आहे. आणि तू भांड्यांसकट सहा जण घेऊन तिसऱ्यात निघालास!" दुसरा गिअर टाकताच खडखड थांबली. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत सुरू झाला, तेव्हा बऱ्याच गाड्या आता हा घाट टाळून बोगद्यातून जातात. त्यांना वळणावर पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बाया भेटत नाहीत. आम्ही दोन द्रोण घेतले.

मांडवात पोहोचलो तेव्हा लग्न लागायला दहा मिनिटे होती. बाबांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर ग्रीसचा डाग पडला होता. आई जेवणाची पंगत उठेपर्यंत त्यावरून बोलत होती, आणि बाबा व्याह्यांना स्क्रू-ड्रायव्हर कानाला कसा लावायचा ते चमच्याने दाखवत होते.