रामटेकच्या आभाळातील गिधाड

नागपूरहून एस.टी.ने मनसरमार्गे रामटेकला आलो. टेकडीवरची मंदिरे, जवळच खिंडसीचा तलाव, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांत पसरलेले पेंचचे जंगल मुलांना दाखवावे, असे आमच्या मनात होते. महाराष्ट्रातील पेंच १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. लोक वाघासाठी येतात. आम्ही मात्र गिधाडाची चौकशी करीत होतो.

पूर्वी जनावर मेले की आभाळातून गिधाडे उतरत आणि हाडे तेवढी उरत. १९९० नंतर ती झपाट्याने मेली. शंभरातली नव्वदहून अधिक गेली. कारण २००४ साली कळले. दुखण्यावर गुराला दिलेले डायक्लोफेनॅक त्याच्या मांसात राहते, ते मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली.

वाचकहो, मेलेली ढोरे ओढण्याचे काम जातीच्या नावाने आपल्या आजा-पणज्यांवर लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बजावले. पुढे आपल्या लोकांनी ढोरे ओढणेही नाकारले. ते योग्यच झाले. ते काम कोणत्याही माणसाच्या जन्माचे नव्हते. निसर्गाने ते गिधाडाला दिले आहे. गिधाड नसले तर मढे सडते, मोकाट कुत्री वाढतात, कुत्रे चावण्याचे भय वाढते. आणि ती घाण उचलायला पुन्हा गरिबालाच हाक मारली जाते.

हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी गिधाडांची पैदास करते. तेथून २०२४ च्या जानेवारीत लांब चोचीची दहा गिधाडे पेंचला आणली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर यंत्र बांधून, त्यांना मोकळे सोडले. पण गिधाडाला जंगलाची हद्द कळत नाही. ते शेकडो किलोमीटर उडते. वर्षाला एकच अंडे घालते. एका गोठ्यातली चूक त्याच्या जिवावर बेतते.

म्हणून हे काम केवळ वनखात्याचे नाही. गाय-बैल आजारी पडला तर डॉक्टरांना मेलोक्सिकॅम मागा; ते गिधाडाला बाधत नाही. माणसाचे इंजेक्शन गुराला टोचू नका. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही २०२३ पासून गुरांसाठी बंदी आहे. वाघाने मारलेल्या जनावरावर कोणी विष टाकत असेल तर त्याला अडवा. ज्यांच्या घरी गुरे नाहीत, त्यांनी गावाकडच्या नातेवाइकांना एवढे सांगावे. शाळेत जाणारी मुले औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचू शकतात. गिधाड वाचवायला तेवढे शिक्षणही कामी येते.