बुडबुड्यांशिवाय

गेले दोन वीकेंड काही लिहिणं झालं नाही, कारण मी इजिप्तला होतो. "पिरॅमिड पाहिले का?" असं ऑफिसात आत्तापर्यंत अकरा जणांनी विचारलंय. नाही पाहिले. कैरोला गेलोच नाही. नऊ दिवस लाल समुद्राच्या काठावर दहाब नावाच्या गावात होतो आणि पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा हे नव्याने शिकत होतो.

नव्याने अशासाठी की मला ते येतं असा माझा समज होता. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तारकर्लीला सगळ्या गँगबरोबर पहिली डुबकी मारली, पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून हॅवलॉकला (त्याचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप) जाऊन रीतसर कोर्स केला आणि मग नादच लागला. दीडशेच्या वर डाइव्ह्ज झाल्या. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, आत घेतलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपात बाहेर. याला ओपन सर्किट म्हणतात. सोपं, दणकट, आणि बिघडलं तर लगेच कळतं.

दोन वर्षांपूर्वी याच दहाबला 'ईल गार्डन' नावाच्या जागी गेलो होतो. पांढऱ्या वाळूत शेकडो बारीक ईल अर्धं अंग बाहेर काढून डुलत असतात, वाऱ्यावर ज्वारीचं शेत डुलावं तसे. मी लांबूनच पाहत होतो. श्वास सोडला, बुडबुडे गडगडत वर गेले, आणि जवळचे सगळे ईल सर्रकन बिळात. थांबलो. दोन-चार डोकी वर आली. श्वास सोडला, परत सगळे गायब. वीस मिनिटं हाच खेळ. त्याच वेळी शेजारून एक माणूस गेला, पाठीवर पेटीसारखं काहीतरी, आणि एकही बुडबुडा नाही. ईलना त्याचं काही पडलंच नव्हतं. त्या दिवशी ठरलं. पैसे जमवायला मात्र दोन वर्षं लागली.

त्या पेटीला रिब्रीदर म्हणतात. कल्पना अगदी कोकणी बाण्याची आहे, काही वाया घालवायचं नाही. हिशोब बघा. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा लागते असं धरलं, तर तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून मिनिटाला ऐंशी लिटर लागते. शरीर त्यातला ऑक्सिजन वापरतं साधारण एक लिटर. उरलेले एकोणऐंशी लिटर आपण माशांना घाबरवायला सोडून देतो. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास नळीतून छातीवरच्या पिशव्यांमध्ये जातो, तिथून अडीचेक किलो सोडालाइमच्या डब्यातून. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. या रासायनिक क्रियेत उष्णता आणि पाणी तयार होतं, म्हणून परत येणारा श्वास उबदार आणि दमट असतो. तीन सेन्सर त्यातला ऑक्सिजन मोजतात, आणि कमी पडला की एक छोटा व्हॉल्व्ह 'टिक' करून तेवढाच आत सोडतो. तीन लिटरच्या एका सिलिंडरमधला ऑक्सिजन कित्येक तास पुरतो. सोडालाइम त्याच्या आधी संपतं.

गंमत म्हणजे हे यंत्र ओपन सर्किटपेक्षा जुनं आहे. कुस्तो आणि गान्याँचं रेग्युलेटर १९४३ चं. हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाचं ऑक्सिजन रिब्रीदर १८७८ चं, आणि १८८० मध्ये पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाचा पाणबुड्या तेच घालून अंधारात आतला दरवाजा बंद करून आला होता. मी उन्हात, गरम पाण्यात, इन्स्ट्रक्टरचा हात धरून शिकत होतो. असो.

पहिले दोन दिवस निव्वळ अपमान. ओपन सर्किटवर तरंगणं फुफ्फुसांनी सांभाळतात. श्वास भरला की हलके वर, सोडला की खाली. दीडशे डाइव्ह्जमध्ये ही सवय हाडात मुरलेली असते. रिब्रीदरवर श्वास छातीतून पिशवीत आणि पिशवीतून छातीत. एकूण आकारमान तेवढंच, म्हणजे श्वास घेतला काय न घेतला काय, तुम्ही तिथेच. समोर प्रवाळाचा खडक येतोय, मी जोरात श्वास भरतोय, आणि शांतपणे खडकावर आदळतोय. आमच्या इन्स्ट्रक्टरबाई पोलंडच्या. त्यांनी वर आल्यावर एवढंच म्हटलं, "अनुभवी लोकांना जास्त वेळ लागतो." सीनियर डेव्हलपरला नवीन लँग्वेज शिकवताना आम्ही हेच बोलतो, फक्त त्याच्या पाठीमागे.

पण तरंगणं चार दिवसांत जमतं. खरी भानगड दुसरीच आहे आणि ती अंगात उतरायला मला एक फजिती लागली.

ओपन सर्किटवर हवा संपली तर श्वास येत नाही. म्हणजे बिघाड स्वतःहून ओरडून सांगतो. रिब्रीदरवर श्वास नेहमी येतो. प्रश्न फक्त त्यात काय आहे हा असतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर तुम्ही काही न जाणवता बेशुद्ध पडता. फार जास्त असेल तर झटके येतात, पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. दम कोंडल्याची जी भावना आपल्याला ओळखीची आहे, ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसतेच मुळी, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. हे जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवलं. रिब्रीदरमधला कार्बन डायऑक्साइड सोडालाइम गुपचूप काढून घेतं, त्यामुळे शरीराची ती एकमेव घंटाही बंद. याच हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दाबाच्या टाकीत बसून स्वतःवर ऑक्सिजनचे प्रयोग करत होता. झटके येऊन त्याने पाठीचे मणके जायबंदी करून घेतले. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. दहाबमध्ये कुणालाच हे माहीत नव्हतं, मी सगळ्यांना ऐकवलं. :)

बरं, कार्बन डायऑक्साइड वाढला तर तरी कळेल, असं मला वाटायचं. पाण्यात शिरण्याआधी नाक बंद करून पाच मिनिटं मशीनवर श्वास घेऊन पाहायची पद्धत आहे, त्यासाठीच. २०१५ मध्ये याची एक चाचणी प्रसिद्ध झाली. सोडालाइम मुळातच न भरलेल्या मशीनवर वीस जणांना बसवलं, त्यातल्या पंधरा जणांनी "काहीतरी गडबड आहे" म्हणून थांबवलं. अर्धवट बिघाड केलेल्या मशीनवर वीसपैकी फक्त दोघांनी. म्हणजे बाकीचे अठरा आरामात पाण्यात उतरले असते. ऑस्ट्रेलियन डॉक्टर अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० मधले रिब्रीदरवरचे १८१ मृत्यू तपासले होते. धोका ओपन सर्किटच्या दहापटीच्या आसपास, असा त्यांचा अंदाज. हे मी कोर्सचे पैसे भरायच्या आधी वाचलं होतं. आईला सांगितलं नव्हतं.

आता चौथा दिवस. आदल्या संध्याकाळी मशीन धुवून, वरचं झाकण उघडून, सेन्सर पुसून रात्रभर वाऱ्यावर ठेवायचे होते. तेवढ्यात ऑफिसचा फोन. रिलीज फसलेलं. रजेवर असलो तरी तो मॉड्यूल माझाच, त्यामुळे दीड तास लॅपटॉपवर. मशीन गोड्या पाण्यात बुचकळलं, झाकण तसंच लावलं आणि झोपलो. सकाळी चेकलिस्ट हातात घेतली. "सेन्सर कोरडे". टिक केलं. रोज कोरडेच असतात की. कॅलिब्रेशनही पास झालं. हिरवा बिल्ड, चला प्रॉडक्शनवर.

वीस मीटरवर एका खडकाखाली सिंहमासा होता, तो बघायला मी डोकं खाली करून बराच वेळ लटकलो. सरळ झालो आणि मनगटावरचे आकडे पाहिले. १.१७, १.१८, १.३९. तिसरा आकडा लुकलुकत होता. याचा अर्थ तीन सेन्सरपैकी दोघांचं एकमत आहे, तिसरा वेगळं बोलतोय, म्हणून मशीनने त्याला मतदानातून बाद केलंय. बहुमताचा कारभार. मला वाटलं, तिसरा सेन्सर गेला. वर गेल्यावर बदलू. आणि मी परत सिंहमाशाकडे वळलो.

खोटं कशाला बोलू, पुढची दोनेक मिनिटं मी अगदी मजेत होतो. मधूनमधून टिक, टिक आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा जास्त. तो मी ऐकलाही. त्याचा अर्थ लावला नाही. बाईंनी लावला. त्या लांबून आल्या, माझं मनगट पकडून आकडे पाहिले आणि खूण केली, फ्लश कर. म्हणजे साध्या हवेचं बटण दाबून आतला सगळा गॅस बदलून टाकायचा. वीस मीटरवर दाब तिप्पट, हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे आकडा यायला हवा ०.६३. चौथीतलं गणित. मी बटण दाबलं.

तिसरा सेन्सर, तो बाद केलेला, सरळ ०.६५ वर आला. पहिले दोघे होते तिथेच. १.१६, १.१५.

थंड घाम पाण्यात येतो का माहीत नाही, पण पोटात खड्डा पडला. मी डोकं खाली केल्यावर आत राहिलेलं पाणी घरंगळून दोन सेन्सरच्या तोंडावर बसलं होतं. त्या क्षणी जो आकडा होता तिथेच दोघे गोठले. मशीनला १.२ हवं होतं, बहुमत सांगत होतं १.१७, म्हणून ते इमानेइतबारे ऑक्सिजन सोडत राहिलं. टिक, टिक. खरा आकडा चढत चालला होता. १.६ ही शेवटची मर्यादा मानतात. खरं बोलणारा एकटाच होता आणि त्याला आम्ही, म्हणजे मशीनने आणि मी, खोटारडा ठरवलं होतं.

बाईंनी हाताने कापल्यासारखी खूण केली. लूप बंद, बगलेतल्या ११ लिटरच्या सिलिंडरचं रेग्युलेटर तोंडात. पहिला श्वास कोरडा, थंड, आणि मग बुडबुड्यांचा तो गडगडाट. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. हळूहळू वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. सिंहमासा तिथेच होता.

वर आल्यावर बाई रागावल्या नाहीत. चहा मागवला, माझी चेकलिस्ट मागितली, त्या टिकवर बोट ठेवलं आणि नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी तीस वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल प्लँटवर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलंय. आईला कळू द्यायचं नाही या अटीवर सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरतील. ते म्हणाले, "तीनही एकाच डबीत, एकाच ओलीत ना रे? मग ते तीन कसले, एकच सेन्सर तीनदा बसवलाय." त्यांच्याकडेही रिअॅक्टरवर तीनपैकी दोन असंच मतदान असायचं, पण तिन्हींचे नळ टाकीच्या वेगवेगळ्या बाजूंना. एकाच नळावर बसवले तर एक कचरा अडकून तिन्ही आंधळे होतात. मग म्हणाले, "आणि आवाज येत होता म्हणतोस. वाढलेला आवाज ऐकला की आम्ही आधी धावत सुटायचो, मीटर नंतर बघायचो." मी आठ वर्षं सर्व्हर सांभाळतोय. एकाच रॅकमध्ये तीन सर्व्हर ठेवून 'हाय अव्हेलेबिलिटी' म्हणणाऱ्यांना मी मीटिंगमध्ये हसलेलो आहे. फोन ठेवताना बाबा म्हणाले, "झाकण उघडं ठेवलंयस ना आज?" ठेवलं होतं. पंख्याखाली.

उरलेले दिवस बरे गेले. दोन सेन्सर वाळल्यावर व्यवस्थित चालायला लागले, तरी बाईंनी ते बदलायला लावले, पैसे माझे. रोज प्रत्येक डाइव्हमध्ये न विचारता दोनदा फ्लश, डोक्यात आधी गुणाकार, मग बटण. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, ईल गार्डन.

वाळूवर हळूच गुडघे टेकले. आवाज नाही. फक्त नळीतली पुसटशी फुसफुस, आणि बऱ्याच वेळाने एखादी टिक. ईल आत गेले नाहीत. सगळ्यात जवळचा माझ्यापासून हातभर अंतरावर डुलत होता, डोळ्याभोवतीचं वर्तुळ दिसत होतं. चौतीस मिनिटं बसलो. किती ईल होते, कसे होते, म्हणून ऑफिसात विचारतात. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मिनिटं मी मनगटाकडेच बघत होतो. १.२०, १.१९, १.२१.