तेल खाली, गळती वर

मोटारीच्या दुखण्यांत तेलगळतीइतके लबाड दुखणे दुसरे नसेल. पंक्चर त्या मानाने प्रामाणिक. जिथे खिळा तिथेच भोक. बॅटरी उतरली की गाडी सरळ मौन धरते. तेल मात्र गळते एकीकडून, वाहते दुसरीकडून आणि टपकते तिसरीकडेच. सकाळी गाडीखाली काळा डाग दिसतो म्हणून वाकून पाहावे, तर सगळे यंत्र तेलाने माखलेले. चोर कोण आणि साव कोण, काही पत्ता लागत नाही.

आमच्या पेडण्याच्या मामांकडे 1978 ची अँबॅसडर आहे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून ही गाडी घेतली गेली आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1957 पासून 2014 पर्यंत ती तयार होत राहिली. मामा शाळामास्तर होते. निवृत्त झाले, तरी गाडी निवृत्त झाली नाही. वाड्यावरची निदान तीन बाळंतपणे तिने रात्री-अपरात्री म्हापशाच्या इस्पितळापर्यंत वेळेत पोचवली आहेत. त्यामुळे ती मामांची असली तरी तिच्यावर हक्क सगळ्या वाड्याचा.

2023 च्या पावसाळ्यानंतर ही गाडी तेल टाकू लागली. अँबॅसडर थोडे तेल टाकायचीच, असे तिच्या चाहत्यांनीही मान्य केलेले आहे. पण मामांना दर आठवड्याला डिकीतला डबा काढून ऑईल ओतावे लागू लागले. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली जाऊन निदान केले, “इंजिनच्या मागचे सील गेले. इंजिन उतरवावे लागेल.” खर्च ऐकून मामी मटकन खाली बसल्या. त्यातच नोंदणीची मुदत संपत आलेली. खाजगी गाडीला 15 वर्षे झाली की पुढे दर 5 वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तेल गळणारी गाडी तपासणीला न्यायची कशी? मामा शांतपणे म्हणाले, “पुनव झाली की भंगारवाल्याला बोलावतो.” आयुष्यभर मुलांना पास-नापास केलेल्या माणसाने तो निकाल दिला होता, पण निकाल देताना त्यांचा हात गाडीच्या बॉनेटवर होता.

कोजागरीची पेडण्याची पुनव पाहायला मी वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मित्राला घेऊन गेलो होतो. तो धारवाडकडचा, घरी कन्नड बोलणारा. बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळी, तिथून डिचोलीला आमचे घर, आणि पुढे अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ करीत पेडणे, असा आमचा प्रवास झाला. गाडीखालचा डाग पाहून मित्र म्हणाला, “एण्णे सोरुत्तिदे.” म्हणजे तेल गळते आहे. मग तो शिशुनाळ शरीफांचे एक पद गुणगुणू लागला. आमच्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना ते ठाऊक असेलच. पद आहे घराच्या गळक्या धाब्याचे, पण रोख सगळा माणसाच्या मनाकडे. मामांना त्याने अर्थ समजावून सांगितला. मामा म्हणाले, “तुमच्या शरीफांना अँबॅसडर नव्हती, नाही तर आणखी एक कडवे झाले असते.”

दुसऱ्या दिवशी मामा आम्हांला सोडायला त्याच गाडीने डिचोलीला आले. आमच्या शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहतात. जन्म सगळा खनिजवाहू ट्रकांच्या दुरुस्तीत गेला. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मध्यंतरी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मर्यादा घालून परवानगी दिली, पण 2018 च्या फेब्रुवारीतल्या निकालाने पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. ज्या रस्त्यांवरून लाल धूळ उडवीत ट्रकांच्या रांगा जात, त्यांच्या कडेला तेच ट्रक गवतात उभे राहिले. ट्रक थांबले तसे मिस्त्रीही थांबले. ते अंगणात बसून असत. आमची गाडी थांबताच मात्र उठून आले.

मामांनी आधीच्या गॅरेजचे निदान सांगितले. मिस्त्री हसले. “मास्तर, या इंजिनाला मूळच्या बनावटीत मागे रबरी सील नसतेच. तिथे उलट्या आट्यांची खाच असते. दांडा फिरतो तसे ती तेल आत ढकलते. जे नाहीच ते बदलणार कसे?” मग गाडीखाली नजर टाकून ते कोकणीत म्हणाले, “तेल सकयल दिसता, गळता वयल्यान.” खाली दिसते ते तेल, गळती वरून. पंख्याचा वारा आणि गाडीचा वेग मिळून तेल मागे ढकलतात. म्हणून मागचा भाग भिजलेला दिसतो आणि सगळे त्यालाच गुन्हेगार ठरवतात.

त्यांनी लगेच पाना हातात घेतला असेल असे वाटेल. तसे झाले नाही. त्यांनी रॉकेल मागितले. ब्रश आणि चिंध्या घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत पुसायला लावले. आम्ही दोघे तासभर पुसत होतो. टॅपेट कव्हरची कड, बाजूच्या झाकणांचे पॅकिंग, ऑईलच्या नळीचा सांधा, फिल्टर, खालचे चेंबर, एकही कोपरा त्यांनी सोडू दिला नाही. सगळे कोरडे झाल्यावर त्यांनी आईकडून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा मागवला आणि संशयाच्या प्रत्येक जागी पावडर शिंपडली. आई दारातून पाहत होती. मोटारीचा असा शृंगार तिने पूर्वी पाहिला नव्हता.

गाडी सुरू केली. पहिली पाच मिनिटे सगळे पांढरे शुभ्र. मिस्त्रींनी मामांना ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरायला सांगितले, आणि दाढीचा आरसा तिरका धरून आम्हांला दाखवले. फिल्टरच्या डब्याच्या वरच्या काठाखालून एक काळी रेघ पावडरीतून हळूहळू खाली उतरत होती. इंजिनचा मागचा भाग शेवटपर्यंत पांढराच राहिला.

आता थोडे पदार्थविज्ञान सांगतो. पंप चेंबरमधून तेल खेचतो आणि दाबाने फिल्टरमधून पुढे बेअरिंगांकडे पाठवतो. चालत्या गाडीत हा दाब दर चौरस इंचाला 50 पौंडांच्या आसपास असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो. डब्याचे तोंड 8 सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर क्षेत्रफळ साधारण 50 चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे तेल त्या डब्याला पावणेदोनशे किलोच्या जोराने खाली ढकलत असते. त्याला धरून ठेवतो मधला एक लांब बोल्ट, आणि तेलाला अडवते बांगडीसारखी एक रबरी रिंग. इंजिन बंद केले की दाब संपतो आणि गळतीही थांबते. म्हणूनच थंड, उभी गाडी तपासणाऱ्याला ही गळती सापडत नाही. त्याला सापडतो फक्त डाग.

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी खाली घमेले ठेवले आणि बोल्ट सैल केला. डबा तेलाने भरलेला असतो, तेव्हा तो दोन्ही हातांनी सरळ खाली घ्यावा लागतो. आतली स्प्रिंग, वॉशर, चकती आणि कागदी फिल्टर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मी वर्तमानपत्रावर मांडले. वरच्या खाचेतली रिंग बोटाने सहज निघून आली. मऊ होती, जवळजवळ नवीच. मित्र म्हणाला, “ही तर चांगली आहे!” मिस्त्री म्हणाले, “हीच चांगली आहे म्हणून घात झाला.” मग त्यांनी आईची गोधडी शिवायची दाभण मागितली आणि तिचे टोक खाचेत फिरवले. लोखंडाचाच भाग वाटावा अशी एक काळी कड तुकड्या-तुकड्यांनी सुटू लागली. ती जुनी रिंग होती. वर्षानुवर्षे उष्णतेने कडक होऊन खाचेत घट्ट बसलेली. मागच्या वेळी फिल्टर बदलणाऱ्याने तिच्यावरच नवी चढवली होती. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत. दाब आला की वरची बाजूला सरकते. गळू लागल्यावर कुणीतरी बोल्ट आणखी आवळून पाहिला होता, त्याच्या खुणाही दिसत होत्या. आवळल्याने दोन रिंगांची एक होत नाही.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. खाच चिंधीने स्वच्छ पुसली, नव्या रिंगेला बोटाने तेलाचा हात लावला, नवा फिल्टर घातला. बोल्ट आवळताना मिस्त्री डबा हाताने थोडा-थोडा फिरवून पाहत होते. रिंग सगळीकडे सारखी बसली की नाही ते हाताला कळते. शेवटी पान्याला बेताचाच जोर दिला. “आवळायचे ते बसण्यापुरते,” ते म्हणाले, “जिंकण्यासाठी नाही.” गाडी सुरू करून दाबाचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावू दिला नाही. मग बंद करून, थोडे थांबून पट्टीने तेल पाहिले, कमी होते तेवढे ओतले, आणि पुन्हा पावडर शिंपडून गाडी साखळीपर्यंत फिरवून आणली. पावडर पांढरीच राहिली. घमेल्यातले तेल मामा पोरसातल्या माडाच्या मुळाशी ओतणार होते. मिस्त्रींनी ते डब्यात भरून घेतले. “विहीर शेजारीच आहे, मास्तर.”

मला या सगळ्यात पान्यापेक्षा चिंधी मोठी वाटली. आपण वादात, संस्थेत, घरातही गळती शोधायला निघतो तेव्हा आधी इंजिन उतरवायची भाषा करतो. जिथे डाग दिसतो त्याच्यावर आरोप ठेवतो. पुसून, कोरडे करून, यंत्र चालू ठेवून पाहण्याइतका धीर कुणाकडे नसतो. त्याला तासभर लागतो आणि हात काळे होतात. शिवाय नवे बसवण्याची आपल्याला घाई असते. पण खाचेत चिकटलेले जुने काढले नाही, तर नवेच आधी बाहेर फेकले जाते.

निघताना मामांनी पैसे पुढे केले. मिस्त्रींनी रिंग आणि फिल्टरचेच घेतले. म्हणाले, “रबराला चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त मारते. तेल फिरत राहिले तर ते ओले राहते. नुसते उभे राहिले की सुकते.” बोलता-बोलता ते रस्त्याच्या कडेच्या ट्रकांकडे पाहत होते. मामांनी मान हलवली. दोघेही निवृत्त, समजायला वेळ लागला नाही.

नोंदणी आणखी 5 वर्षे वाढून मिळाली. भंगारवाल्याला बोलावणे गेले नाही. पुढे 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले आणि काही ट्रक गवतातून बाहेर निघाले. सुट्टीत घरी गेलो तर मिस्त्रींचे अंगण रिकामे होते. ते एका ट्रकाखाली होते. त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि शेजारी वर्तमानपत्रावर दाभण ठेवलेली होती, आईचीच.