आठशेचा बूट

बूट घेताना आपण नक्की काय बघतो? खरं खरं सांगा हं. आधी रंग. मग लोगो. मग किंमत, आणि ती खोडून खाली लिहिलेली दुसरी किंमत. ‘७० टक्के ऑफ’ दिसलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकायची, आरशात तिरकं बघायचं, झालं! जानेवारीत उत्साहाने जिम लावणाऱ्या आणि मार्चमध्ये सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढी परीक्षा पुरते. बूट टुकार निघाला, तर पुढच्या पगाराला दुसरा.

पण तोच बूट अशा कुणासाठी घ्यायचा असेल, जिच्याकडे ‘दुसरा’ हा ऑप्शनच नाही, तर?

झालं असं, की नाशिकच्या आमच्या ऑफिसात आम्ही वर्षभर वाढदिवसाचे केक बंद केले आणि ते पैसे साठवले. जमले २१,६०० रुपये. पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या धावणाऱ्या मुलींना बूट घ्यायचे, हे आधीच ठरलं होतं. पेठ म्हणजे नाशिकहून गुजरातच्या रस्त्याला, साधारण ५५ किलोमीटरवर. वाटेत सावळघाट, कोटंबीचा घाट. पावसाळ्यात आपण तिकडे धबधबे बघायला जातो, भजी खातो आणि परत येतो. त्या मुली तिथेच धावतात. मुली होत्या २४. म्हणजे डोई ९०० रुपये.

लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, टॉपच्या सात जणींना तीन-तीन हजारांचे ब्रँडेड बूट देऊ, मेडल तरी येईल. दुसरी म्हणे, सगळ्यांना साडेतीनशेवाले घेऊ आणि उरलेल्या पैशांत टी-शर्ट. टी-शर्टवर कंपनीचं नाव, हे ओघानं आलंच! शिवाय एक तिसरा आवाजही होताच, ‘‘अगं, कविता राऊत अनवाणीच धावायची ना? मग बूट कशाला?’’

या तिसऱ्या आवाजाचा मला मनापासून राग येतो. पेठच्या शेजारच्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणी धावली, हे खरं. पण दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर मिळालं, ते नाशिकला विजेंदर सिंग यांच्याकडे वर्षानुवर्षं घाम गाळल्यावर. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९६४ ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि तीन मिनिटं लवकर पोचला, ते मात्र कुणी सांगत नाही. अनवाणी पायांचं कौतुक बहुतेक वेळा बूट घातलेली माणसंच करतात.

असो. मी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना फोन लावला आणि त्यांच्या उत्तरांतून तीन प्रश्न हाती आले. खेळाची कुठलीही स्वस्त वस्तू घेताना ते उपयोगी पडतील.

कशासाठी?

सर म्हणाले, ‘‘मॅडम, चिखलात त्या अनवाणीच बऱ्या. बोटं रोवून पळतात. बूट लागतो डांबरीवर. आणि नाशिकला स्पर्धेला आल्यावर.’’

एका वाक्यात अर्धं दुकान बाद झालं! खोल खाचांचे, चिखलात रुतणारे ट्रेकिंगचे बूट गेले. उरले साधे, हलके, डांबरावर टाचेला गादी देणारे. ‘चांगला बूट’ असा काही प्रकार नसतो. ओल्या कातळावर भारी पडणारा बूट डांबरावर जड होतो आणि ट्रेडमिलवरचा लाडका बूट हरिहरच्या पायऱ्यांवर तुमचा घात करू शकतो.

किती दिवस?

आपल्याला वाटतं, जास्त टिकेल ते चांगलं. पण या मुली १२ ते १५ वर्षांच्या. काहींचे पाय अजून वाढतायत. तीन वर्षं टिकणारा बूट त्यांच्या काय कामाचा? ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन नंबर मोठा घ्यावा, तर धावताना पाय आत सरकतो आणि फोड येतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, त्याहून जास्त नको.

धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं मानतात. मुली आठवड्याला २५ किलोमीटर धावतात. म्हणजे २० ते ३२ आठवडे. जूनमध्ये दिलेला बूट जानेवारीच्या स्पर्धांपर्यंत पोचला की त्यानं आपलं काम केलं. तीन हजारांचा बूटही याच हिशोबात बसतो, फक्त तो सातच जणींच्या पायात असतो.

कुठे तुटेल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. प्रत्येक वस्तूची एक जागा असते, जिथे ती आधी हार मानते. पैसे त्या जागेसाठी मोजायचे, बाकीकडे काणाडोळा करायचा. हे फक्त बुटांचं नाही. लडाखमध्ये आइस हॉकी रुजत होती, तेव्हा खेळाडू लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळायचे आणि गोलकीपर क्रिकेटचे पॅड बांधायचा. पॅडचा जुगाड चालून जातो, कारण त्याचं काम मार झेलायचं. पातं मात्र बुटाला घट्ट बसायलाच हवं, ते हाललं की माणूस आडवा. आणि हेल्मेटमध्ये तर कंजुषी नकोच, मग ते क्रिकेटचं असो नाहीतर सायकलचं.

बुटाची ही जागा शोधायला आम्ही आधी तीनच जोड घेतले आणि जूनमध्ये, शाळा उघडताच, तीन मुलींना तीन आठवडे वापरायला दिले.

पहिला साडेतीनशेचा, परदेशी ब्रँडची हुबेहूब नक्कल. नवव्या दिवशी चवड्याजवळ सोल उघडला. मुलीनं तो सुतळीनं बांधला आणि पुढचे दोन दिवस तशीच धावली. सुतळीचा तो फोटो ग्रुपवर आला आणि टी-शर्टवाली पार्टी गप्प झाली.

दुसरा १,४०० चा. दिसायला झक्कास, जीभ जाडजूड, आत फोमच फोम. पण एकदा भिजला की तीन दिवस वाळेना! पेठच्या पावसात तीन दिवस ओला बूट म्हणजे बूट नसल्यातच जमा.

तिसरा साडेआठशेचा, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. रंग पांढरा, डिझाइन यथातथाच. पण वरची जाळी पातळ, रात्रभरात वाळणारी. तळाला खरं रबर. कच्चा दुवा एकच, कडेचं चिकटकाम. आणि त्याचं कारण सरांना माहीत होतं. मुली बूट चुलीजवळ वाळत घालतात, त्या धगीनं गोंद सैल होतो.

आता गोंद सुटतोय हे कळलं, की उपाय सोपा. आपला नाक्यावरचा मोची! सोलच्या कडेनं गोल शिलाई मारायचे त्यानं जोडीमागे ६० रुपये सांगितले. दुकानदारानं २४ जोडांचा भाव ८०० वर आणला. १९,२०० रुपये बुटांचे, १,४४० शिलाईचे. उरले ९६०, त्यात चाळीस रुपयांप्रमाणे २४ जोड मोजे. हिशोब रुपयाला रुपया जुळला! ऑफिसातल्या कुठल्याच बजेटचा असा कधी जुळलेला आठवत नाही. मग बूट पेठला पोचले. बरोबर सूचनाही गेली, की बूट चुलीपासून लांब ठेवायचे आणि रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे.

तुम्ही स्वतःसाठी स्वस्तातला बूट घेणार असाल, तर दुकानात दोन मिनिटं जास्त द्या. बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर परत ठेवा. टाचेमागचा भाग चिमटीत दाबा, कागदासारखा चेपला तर तो टाच काय धरणार? सोलच्या फोममध्ये अंगठा रुतवा, खळगा लगेच भरून यायला हवा. कडेनं नख फिरवा, कुठे फट लागते का बघा. तळ नुसता फोमचा आहे की खाली रबर आहे, ते विचारा. नुसता फोम हलका लागतो, पण डांबरावर भराभर झिजतो. खोक्यावरचा महिना आणि वर्ष वाचा. पॉलियुरेथेनचा सोल वर्षानुवर्षं गोदामात पडला, तर आपल्याकडच्या दमट हवेत आतून कुजतो आणि पहिल्याच ट्रेकला भुगा होऊन हातात येतो. ‘७० टक्के ऑफ’चं रहस्य कधीकधी तिथे असतं. आणि हो, बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरानं पाय किंचित फुगलेला असतो.

महाग म्हणजे चांगलं, हे समीकरणही डोळे झाकून मानू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यावर १८ टक्के. म्हणजे वरचा सगळा पैसा काही सोलमध्ये जात नाही. काही सरकारकडे जातो, काही होर्डिंगवरच्या हिरोकडे.

एप्रिलमध्ये शाळा सुटायच्या आधी सरांनी हिशोब कळवला. २४ पैकी १९ जोड धड, तीन एकदा मोचीकडे जाऊन आले, दोन बाद. ज्यांचे पाय वाढले त्यांचे बूट धुऊन धाकट्यांना गेले. यंदाही केक बंदच आहेत आणि या वेळी खरेदीच्या आधी आम्ही मुलींनाच विचारलं, काय बदल हवा? फोनवर बराच वेळ खुसखुस चालली. मग आठवीतली एक धीर करून म्हणाली, ‘‘ताई, बूट चांगलाय. पण पांढरा नको. गुलाबी मिळेल का?’’