वाटणीची संख्या

घरात बारा लाडू असले म्हणजे वाटणीची चिंता नसते. दोघे, तिघे, चौघे वा सहाजण पंगतीस बसोत, प्रत्येकाच्या ताटात सारखेच पडतात. दहा लाडवांचे तसे नाही. तिघे बसले की एक लाडू मोडावा लागतो. बाराला सहा विभाजक आहेत, आणि बाराहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ या संख्या याच कुळातील होत.

या कुळाचा सखोल अभ्यास ज्याने केला, त्या श्रीनिवास रामानुजनांचे कुंभकोणम येथील घर पाहण्याचा योग मला आला. निघण्याच्या आदल्या सायंकाळी मी मुलीवर रागावलो होतो. दहा उदाहरणांपैकी तिचे एक चुकले होते, आणि मला तेवढेच दिसले होते.

तंजावरच्या मुलखात मराठी राजांनी सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. त्यामुळे तो आपणांस परका वाटत नाही. येथे कावेरी अनेक फाट्यांनी वाटली जाते आणि गावोगावच्या भातखाचरांना पाणी पोहोचविते. सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरचे ते छोटेसे घर आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. याच गावच्या महाविद्यालयात, अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, रामानुजनांची शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१५ साली याच विभाज्य संख्यांवरील त्यांचा दीर्घ निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९१६ साली केंब्रिजने त्यावर त्यांना पदवी दिली.

त्या निबंधातील कोष्टकाची अखेरची संख्या पाहा : ६७,४६,३२,८३,८८,८००. हिला १०,०८० विभाजक आहेत! ती घडते कशी? २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोन वेळा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा घेऊन गुणाकार करावा. लहान मूळसंख्येचा वाटा कधीही मोठीपेक्षा कमी नसतो. या कुळाचा हा नियमच आहे.

आणखी एक गंमत सांगतो. या संख्येस २३ ने भागा. उत्तर येते २,९३,३१,८६,२५,६००. हिला ५,०४० विभाजक आहेत आणि तीही याच कुळातील आहे. परंतु रामानुजनांच्या कोष्टकात ती नाही! हाताने आकडेमोड करीत लाख कोटींपलीकडे गेलेल्या त्या महापुरुषाच्या नजरेतून एवढी एक संख्या निसटली. त्यामुळे निबंधाची थोरवी तिळभरही उणावली नाही.

घरी परतल्यावर मी मुलीस ही हकीकत सांगितली. तिने वही उघडली, लाख कोटींच्या त्या संख्येस तेवीसने स्वतः भागून पाहिले, आणि बाकी शून्य आली तेव्हा ती हसली. मग न सांगता ते चुकलेले उदाहरण तिने पुन्हा सोडविले. आपल्या घरीही अशी एखादी वही असेल. ती तपासताना बरोबर आलेली नऊ उदाहरणे आधी मोजावीत, एवढेच माझे सांगणे आहे.